गल्ला तुमचा, चावी पुतण्याच्या खिशात

वसमतच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

«आमचा हळद पावडर, तिखट आणि काळ्या मसाल्याचा छोटा धंदा आहे. गिरणी घरीच. मी, मिस्टर आणि पॅकिंगला दोन बायका. तीन वर्षांपूर्वी दिरांच्या मुलानं मेल आयडी काढून दिला, गूगलवर दुकान टाकलं, फेसबुकचं पान केलं. सगळं त्याच्याच फोनमध्ये होतं. आता तो पुण्याला नोकरीला आहे. परवा नांदेडच्या किराणा होलसेलवाल्याचा फोन आला, ‘ताई, दोनदा मेल टाकली, दोन्ही वेळा परत आली, शेवटी दुसरीकडून माल उचलला.’ दोन क्विंटलची ऑर्डर गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर तर ऑर्डरी, उधारी, शुभ सकाळ, पाहुणेरावळे सगळं एकातच. मिस्टर म्हणतात एखादं ॲप घेऊ. एकानं वर्षाला १२ हजारांचं दाखवलंय. वेबसाइटवाला ३५ हजार मागतोय. कोणतं घ्यावं सुधरत नाही. मला इंग्रजी बेताचंच येतं. पुतण्याला सारखं विचारलं की जाऊबाईंना आवडत नाही.»

ताई, नमस्कार.

आधी पैशांचं. १२ हजारांचं ॲप आत्ता घेऊ नका आणि वेबसाइटवाल्याला दिवाळीनंतर या म्हणून सांगा. तुमची ऑर्डर काही ॲप नव्हतं म्हणून गेलेली नाही. मेल परत आली असं त्या व्यापाऱ्यानं सांगितलं ना, त्यातच निदान आहे.

पत्ता चुकीचा असला तरी मेल परत जाते, पण हा पत्ता तीन वर्षं चालू होता. म्हणजे बहुतेक जागा भरली. गूगल एका आयडीला फुकटात १५ जीबी जागा देतं आणि ती एकट्या मेलची नसते. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून १५. अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. पोरानं हाच आयडी स्वतःच्या फोनला लावला असेल, तर त्याच्या मित्राच्या हळदीचे व्हिडिओ आणि तुमच्या हळदीच्या ऑर्डरी एकाच १५ जीबीत राहत होत्या. जागा संपली की नवी मेल आत येत नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाते. तुमच्या फोनवर टिंगसुद्धा वाजत नाही. त्याला फोन करून एवढंच विचारा: जीमेल उघड, वर उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेव आणि किती टक्के भरलंय ते सांग. मिनिटभराचं काम आहे.

पण जागा हे वरवरचं दुखणं. खरी अडचण ही की गल्ल्यावर तुम्ही बसता आणि चावी पुण्यात फिरते. पोरानं वाईट काही केलेलं नाही. कोणी करत नव्हतं तेव्हा त्यानं केलं, तेही फुकट. पण उद्या त्याचा फोन हरवला किंवा नंबर बदलला, तर गूगल ओटीपी पाठवणार जुन्याच नंबरावर, आणि ही गिरणी आमची आहे हे गूगलला तुम्ही कसं पटवणार? आयडी कोणाचा, हे त्यात भरलेल्या रिकव्हरी नंबरावरून ठरतं. तिथे तुमचा नंबर नाही, म्हणजे आयडी तुमचा नाही.

जुना आयडी ओढून घेण्याच्या भानगडीत पडू नका असं मला वाटतं. त्यात त्याचे फोटो असतील, बँकेच्या मेल असतील, आणखी काय काय असेल. तो त्याच्याकडेच राहू द्या, तुम्ही धंद्याच्या नावानं नवा काढा. त्यात जन्मसाल नको, मुलांची नावं नकोत. फोनवर सांगितला तर हिंगोलीच्या मोंढ्यातल्या कलकलाटात बसलेल्या मुनीमजींना एकदा ऐकून लिहिता आला पाहिजे, इतका सोपा असावा. रिकव्हरी नंबर तुमचा, रिकव्हरी मेल मिस्टरांची. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री, चालू करा. तिथेच गूगल दहा बॅकअप कोड देतं, एकेक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून कपाटात परवान्याच्या फाइलमध्ये ठेवा. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवू नका. फोन हरवल्यावर लागणारी गोष्ट फोनमध्येच कशाला?

मिस्टरांनाही मेल दिसली पाहिजे हे उघड आहे. घरी कंप्युटर असेल तर जीमेलच्या सेटिंगमध्ये दुसऱ्याला आपल्या खात्यात प्रवेश द्यायची सोय आहे. ते त्यांच्याच आयडीवरून तुमची मेल वाचतील, उत्तर देतील, पण पासवर्ड बदलू शकणार नाहीत. कंप्युटर नसेल तर सरळ दोघांच्या फोनमध्ये हा आयडी लावा. तिसऱ्या फोनमध्ये नको, मग तो कितीही घरचा असो.

आता पुतण्या आणि जाऊबाई. सारखं विचारणं बंद करायचा मार्ग म्हणजे एकदाच नीट विचारणं. पहिला फोन जाऊबाईंना करा, पोराला नंतर. ‘त्याला रोज त्रास होतो, म्हणून हे सगळं माझ्या अंगावर घेते. या खेपेला आला की दोन तास मला द्या त्याला.’ नंतर त्याला: ‘येताना लॅपटॉप आण, धपाटे करते.’ त्या दोन तासांत काय करायचं ते आधीच वहीत लिहून ठेवा, नाहीतर पोरं अर्ध्या तासात ‘झालं काकू’ म्हणून उठतात.

त्याच्याकडून करून घ्यायचं ते असं. जुन्या आयडीतली जागा मोकळी करायची, आणि तिथे येणारी मेल आपोआप तुमच्या नव्या आयडीवर पुढे जाईल अशी सोय लावायची. ही सोय फोनवर होत नाही, कंप्युटरवरच होते, लॅपटॉप त्यासाठीच. जागा आधी मोकळी केली पाहिजे, कारण आत न आलेली मेल पुढे जाणार कशी? वर्षभर हे असंच चालू ठेवा, लोकांच्या डायऱ्यांमध्ये जुना पत्ता फार काळ राहतो. मग गूगलवरचं दुकान, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. त्यात तुमचा नवा आयडी मालक म्हणून जोडायचा. पण मुख्य मालकी त्याच दिवशी बदलत नाही, नव्या माणसाला सात दिवस थांबावं लागतं. तेवढं एक काम तो पुण्याहून करेल, तारीख त्याच्यासमोर कॅलेंडरवर लिहा. फेसबुकच्या पानाचाही पूर्ण ताबा तुमच्याकडे घ्या. त्याचा स्वतःचा पासवर्ड या सगळ्यात कुठेही मागायची गरज नाही, हे जाऊबाईंच्या कानावर घाला.

ही वही तिथेच मिटू नका. जीएसटीला, बँकेला, अन्न परवान्याला, उद्यम म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीला कोणता मेल आणि कोणता मोबाइल दिलाय ते एकदा तपासा. आपल्याकडे सर्रास असं असतं की जीएसटी नोंदणी करून देणाऱ्या सल्लागारांनी सोयीसाठी स्वतःचाच मेल आणि नंबर घातलेला असतो. मग नोटीस त्यांच्याकडे जाते, ते वीसेक दुकानांच्या गर्दीत विसरतात, दंड तुम्ही भरता. जीएसटी पोर्टलवर हे दुरुस्त करता येतं, नव्या नंबरावर आणि मेलवर ओटीपी येऊन खात्री होते. सल्लागारांना नम्रपणे सांगा, ‘साहेब, रिटर्न तुम्हीच भरा, पण मेल-मोबाइल आमचा लावा.’ रिटर्नच्या वेळी ओटीपी तुमच्याकडे येईल आणि तो त्यांना सांगावा लागेल. तेवढी कटकट परवडते. फक्त फोन त्यांच्याच ओळखीच्या नंबरावरून आहे ना ते बघत जा. उद्यम नोंदणी अजून केली नसेल तर सरकारी पोर्टलवर ती पूर्ण फुकट होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे नेट कॅफेतले भाऊ ‘सरकारी फी’ म्हणत असतील, तर ती फी सरकारची नाही.

एवढं झाल्यावर रोजचं काम हलकं आहे. मेल दिवसातून दोनदा बघायची: सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आधी आणि संध्याकाळी दिवाबत्तीनंतर. दोन्ही वेळा तुम्ही किंवा दोन्ही वेळा मिस्टर. ‘ज्याला वेळ मिळेल तो’ असं ठरवलं की कोणीच बघत नाही. इनबॉक्ससोबत स्पॅममध्येही डोकवा. नव्या गिऱ्हाइकाची पहिलीच मेल, तीही जोडफाइलसकट, पुष्कळदा तिथे पडते, आणि ३० दिवसांनी स्पॅम आपोआप पुसलं जातं. आपल्या माणसाची मेल तिथे सापडली तर ‘स्पॅम नाही’ दाबून बाहेर काढा. जीमेल मेलचे टॅब पाडतं, त्यात जाहिरातींच्या टॅबमध्ये ऑर्डर दडून बसते. सेटिंगमध्ये जाऊन ते टॅब बंदच करा, सगळं एका यादीत दिसू द्या. ज्या मेलवर काम बाकी आहे तिला तारा लावा, काम झालं की तारा काढा. वीस फोल्डर, रंगीत लेबलं, त्यात लेबलं, असलं काही मांडू नका. दिवसाला पाच-सात मेल येणाऱ्या माणसाला त्याची गरज नसते. जुनं काही हवं असेल तर वरच्या पट्टीत ‘हळद’ टाइप केलं की मिळतं.

नव्या हळदीची आवक सुरू झाली की तुम्हाला डोकं वर काढायला वेळ नसणार. त्या दिवसांसाठी जीमेलमध्ये सुट्टीचं आपोआप उत्तर असतं. सुट्टी नसली तरी ते वापरा: ‘मेल मिळाली. उद्या दुपारपर्यंत उत्तर देते. घाई असेल तर या नंबरवर फोन करा.’ एकाच माणसानं लागोपाठ मेल केल्या तरी हे उत्तर त्याला चार दिवसांतून एकदाच जातं, त्यामुळे कोणी वैतागणार नाही.

इंग्रजीची काळजी सोडा. नांदेडच्या व्यापाऱ्याला तुमची मराठी मेल तुमच्या इंग्रजी मेलपेक्षा जास्त कळेल. फोनच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह असतं, भाषा मराठी करा आणि बोला, तो लिहितो. पाठवण्याआधी आकडे मात्र डोळ्यांनी तपासा, ‘साडेसातशे’चं तो काय करेल सांगता येत नाही. त्या व्यापाऱ्याला नवा आयडी झाला की त्याच दिवशी मेल टाका. साधारण अशी:

«विषय: हळद पावडर २ क्विंटल, आपल्या परत आलेल्या मेलबद्दल

नमस्कार. आपल्या दोन्ही मेल आमच्याकडे पोचल्या नाहीत, अडचण आमच्याच बाजूची होती, ती दूर केली आहे. यापुढे हाच पत्ता वापरावा. सध्याचे भाव सोबत जोडले आहेत, ते शनिवारपर्यंत धरू. पाव किलोचा नमुना बुधवारच्या गाडीनं पाठवते. पुढची ऑर्डर लहान दिलीत तरी चालेल.»

विषयात ‘नमस्कार’ किंवा ‘ऑर्डर’ एवढंच लिहू नका. माल आणि वजन लिहा, सहा महिन्यांनी शोधताना तेच उपयोगी पडतं. आणि ‘आमच्या पुतण्यानं’ हा शब्द त्या मेलमध्ये येऊ देऊ नका.

तुम्ही म्हणाल, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं, मेल हवी कशाला? उधारीसाठी हवी. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात असं आहे की, मुदतीचं लेखी ठरलेलं नसेल तर घेणाऱ्यानं माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि लेखी ठरलं असलं तरी मुदत ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही. तुमची गिरणी माल तयार करते, नुसती खरेदी-विक्री नाही, त्यामुळे हे तुमच्या कामाचं आहे. फक्त उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी. शिवाय २०२४-२५ च्या आकारणीपासून प्राप्तिकरातही नियम आलाय: अशा छोट्या उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत तो खर्च व्यापाऱ्याला वजा मिळत नाही. मार्च जवळ आला की मोठे व्यापारी यामुळे जरा ऐकतात. वसमतमधून नांदेडच्या माणसावर कायदा दाखवत सुटा असं मी म्हणत नाही, संबंध बिघडतात. पण ऑर्डर, भाव, वजन आणि पैशांची तारीख मेलवर असली, तर बोलताना तुमचा आवाज बसत नाही. मेलच्या शेवटी आपोआप येणाऱ्या सहीत धंद्याचं नाव, फोन आणि उद्यम क्रमांक टाकून ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपची गर्दी सोडवायला दुसरं सिम घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस उतरवा, तेही फुकट आहे. एकच नंबर साध्या आणि बिझनेस अशा दोन्हीकडे एकाच वेळी चालत नाही, म्हणून प्रश्न पडतो की कोणता नंबर कुठे. पाकिटांवर छापलेला जुना नंबर धंद्याला ठेवा, नवा पाहुण्यांना द्या. गिऱ्हाईक नवा नंबर शोधत बसत नाही, पाहुणे बरोबर शोधतात. सासरच्या ग्रुपमधून जुना नंबर काढण्याआधी नवा आत घालून घ्या, नाहीतर ‘हिला आता आम्ही नको झालो’ असं वेगळंच सुरू होईल.

बिझनेसमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गप्पांना लेबल लावता येतं. आयती इंग्रजी लेबलं असतात, ती बदलून मराठीत करा: नवी ऑर्डर, पैसे बाकी, माल गेला. तीन पुरेत. भावपत्रक, बँकेचा तपशील, पत्ता असली रोजची उत्तरं ‘झटपट उत्तर’ म्हणून साठवली की तिरकी रेघ आणि एक छोटा शब्द टाकून निघतात. पाकिटांचे फोटो आणि भाव कॅटलॉगमध्ये टाका, म्हणजे ‘फोटो पाठवा ताई’ला दरवेळी गॅलरी धुंडाळायला नको. आणि एक नियम कडक पाळा. आपल्याकडे गिऱ्हाईक आवाजी मेसेजवर ऑर्डर देतं, मागे ट्रॅक्टर चालू असतो. ती ऐकून लगेच लिहून परत पाठवायची: ‘हळद ५ किलो, काळा मसाला २ किलो, एकूण इतके रुपये, सोमवारच्या एसटी पार्सलनं. बरोबर?’ समोरून ‘हो’ आल्याशिवाय पाकीट भरायचं नाही. बॅकअपमधून व्हिडिओ वगळा आणि बॅकअप धंद्याच्या आयडीवर घेऊ नका, तुमच्या घरगुती आयडीवर घ्या. नाहीतर वर्षभरात पुन्हा १५ जीबी भरून पहिले पाढे पंचावन्न.

ऑर्डर मेलवरून येवो, व्हॉट्सअ‍ॅपवरून येवो की दारात, उतरायची एकाच ठिकाणी. वहीत ठेवा किंवा गूगल शीटमध्ये ठेवा. मला विचाराल तर सध्या वहीच ठेवा. पॅकिंगच्या बायकांनाही ती वाचता येते, लाइट गेली तरी चालते, आणि हळदीच्या हातांनी फोन दाबायला नको. दोन्हीकडे मात्र ठेवू नका. अर्ध्या ऑर्डरी वहीत आणि अर्ध्या शीटमध्ये, हे नसल्याहून वाईट.

गूगलवर नंबर दिसायला लागला की चोरांनाही दिसतो. ‘फौजी अधिकारी बोलतोय, कॅम्पला ५० किलो हळद पाहिजे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असा हिंदीतला फोन तुम्हाला येणारच, आत्तापर्यंत आला नसेल तर नवल. पैसे घ्यायला पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार आहेत, येणार नाहीत. लग्नपत्रिका किंवा बिल म्हणून आलेली फाइल एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, असेल तर उघडायची नाही, ओळखीच्या नंबरावरून आली तरी नाही, कारण त्याचाच फोन आधी फसलेला असतो. ‘गूगलवरून बोलतोय, तुमचं दुकान बंद होणार, अमुक भरा’ हेही खोटं, ती नोंद फुकट असते. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे अडवता येतील की नाही हे पहिल्या काही तासांवरच असतं.

राहिला वेबसाइटवाला आणि ॲपवाला. एका दिवसाच्या ऑर्डरी वहीच्या एका पानात मावेनाशा झाल्या, हिशेब रात्री अकरापर्यंत लांबायला लागला, की ॲपचा विचार करा. तेव्हाही आधी महिनाभर फुकट वापरायला मागा. सोडताना सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का ते त्याच्या तोंडून ऐकू नका, त्याला करून दाखवायला सांगा.

वेबसाइटचं म्हणाल तर गूगलवरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग सध्या तुमचं काम भागवतात. पुढे पुण्या-मुंबईच्या दुकानांना माल द्यायचा झाला, तर स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आणि त्यावरचा मेल पत्ता शोभून दिसेल. डोमेनचं वर्षाचं भाडं साधारण हजार रुपयांच्या आसपास असतं, ३५ हजारांत नेमकं काय काय बसतं ते त्यावरून विचारा. आणि तीन प्रश्न: डोमेन माझ्या नावावर आणि माझ्या मेलवर नोंदवणार का? दुसऱ्या वर्षापासून किती भरायचं? उद्या तुमच्याकडचं काम बंद केलं तर डोमेन आणि फोटो माझ्या हातात कसे देणार? पहिल्याच प्रश्नाला ‘ते आमच्याच नावावर असतं ताई, टेन्शन घेऊ नका’ असं आलं तर चहा पाजून वाटेला लावा. नाही तर तिन्ही उत्तरं मेलवर मागवा, नव्या आयडीवर.